गडकऱ्यांच्या उठावाचा प्रारंभ (१८४४)

१

इ. स. १८४४च्या जुलै महिन्यात कोल्हापूर संस्थानातील सामानगड व भुदरगड या दोन किल्ल्यांचे दरवाजे आतून बंद झाले. गडांवरील शिबंदीने संस्थानच्या कारभाऱ्यांचा हुकूम मानण्याचे नाकारले, आणि पुढील पाच महिन्यांत हे लोण कोल्हापूर शहर, पन्हाळा व दक्षिणेस सावंतवाडीचा मुलूख येथवर पोहोचले. इतिहासग्रंथांतून या घटनेस ‘गडकऱ्यांचे बंड’ असे नाव मिळाले आहे. १८१८ आणि १८५७ या दोन मोठ्या सालांच्या मध्ये सापडल्यामुळे तिच्या वाट्याला बहुधा दोन-चार परिच्छेदच येतात.

या उठावाच्या कारणांविषयी सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले इंग्रजी दप्तराचे. संस्थानात अनागोंदी माजली होती. ती मोडून काढण्यासाठी नेमलेल्या कारभाऱ्याने सुधारणा आरंभिल्या. त्या सुधारणांनी ज्यांचा अनुचित लाभ बुडाला त्यांनी बंड केले, असा त्याचा आशय आहे. दुसरे उत्तर पुढील काळातील राष्ट्रीय वृत्तीच्या लेखकांचे. गेलेल्या स्वराज्याची आठवण गडांवरील लोकांच्या मनात जागी होती व तिनेच त्यांस शस्त्र धरावयास लावले, असे ते सांगते. दोहोंतही काही तथ्य आहे. परंतु उठाव १८४४मध्येच का झाला, तो गडांवरच का सुरू झाला आणि त्याआधीच्या अधिक अपमानास्पद प्रसंगी हेच गड शांत का राहिले, या प्रश्नांची उकल दोहोंपैकी एकानेही होत नाही. सुधारणा कोणत्या गोष्टीची होती आणि ज्यांच्यावर ती लादली गेली त्यांच्या भाषेत तिचा अर्थ काय होत होता, हे पाहिल्यावाचून ती उकल होणारही नाही.

२

मराठी राज्यपद्धतीत गडाचे स्थान काय होते हे सुविदित आहे. कोल्हापूरच्याच गादीशी निगडित असलेले, १७१५च्या सुमाराचे ‘आज्ञापत्र’ हे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले प्रकरण राज्याचे सर्व सामर्थ्य दुर्गांत साठविलेले मानते व दुर्गांच्या व्यवस्थेस स्वतंत्र विवेचन देते. शिवकालीन व्यवस्थेत हवालदार, सरनोबत व सबनीस या तिघांत गडाची सत्ता वाटलेली असे. एकाच्या हाती सर्व किल्ल्या राहू नयेत, आणि या अधिकाऱ्यांच्या ठराविक मुदतीने बदल्या व्हाव्यात, हा त्या व्यवस्थेचा कटाक्ष होता. म्हणजे गडावरचा अधिकार वंशपरंपरेचा होऊ नये असेच मूळ धोरण दिसते.

तथापि अधिकारी आणि पहारेकरी यांत भेद केला पाहिजे. अधिकारी बदलत, गडाच्या घेऱ्यात राहणारे, मेटांवर पहारा करणारे, रात्रीची गस्त घालणारे लोक पिढ्यान् पिढ्या तेच राहत. त्यांचा निर्वाह रोख पगारावर कमी आणि गडाकडे लावून दिलेल्या जमिनींवर अधिक चाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस, मध्यवर्ती सत्ता दुबळी होत गेली तशी, ही जमीन व ही चाकरी दोन्ही एकमेकांत इतकी मिसळून गेली की एकीवाचून दुसरीची कल्पनाच करता येऊ नये. कोल्हापूर संस्थानातील गडांवर १८४४मध्ये जी शिबंदी होती ती या प्रकारची होती. ती वंशपरंपरागत होती, तिच्या पोटासाठी जमिनी नेमून दिलेल्या होत्या, आणि ती फक्त किल्लेदाराचा हुकूम मानीत असे. राजधानीतील दिवाण आणि गडावरील शिपाई यांच्यामध्ये किल्लेदार हा एकच दुवा होता.

अशी शिबंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून राहिली हीच मुळात लक्षणीय गोष्ट होय. पेशवाईच्या मुलखात १८१८नंतर अनेक गडांच्या वाटा सुरुंगाने उडविण्यात आल्या, दरवाजे पाडण्यात आले आणि तेथील लोक पांगले. कोल्हापूर मात्र संस्थान म्हणून राहिले, म्हणून त्याचे गडही राहिले. देशावरील इतर गडकऱ्यांवर जी वेळ १८१८च्या सुमारास आली, ती कोल्हापूरच्या गडकऱ्यांवर एका पिढीने उशिरा आली. आणि ती लढाईच्या धामधुमीत न येता शांततेच्या काळात, कारभाराच्या एका हुकुमाच्या रूपाने आली.

३

कोल्हापूर व कंपनी सरकार यांचे संबंध तोवर फार सलोख्याचे होते असे नव्हे. १८१२च्या तहाने कोल्हापूरकरांस मालवण व त्याच्या आसपासची ठाणी सोडावी लागली व परराज्यांशी परस्पर व्यवहार करण्याचा हक्कही गमवावा लागला. छत्रपती शहाजी ऊर्फ बावासाहेब यांच्या कारकिर्दीत, १८२२ ते १८२९ या काळात, इंग्रज फौज तीन वेळा कोल्हापूरवर चालून आली आणि शेवटी कडक अटींचा तह राजावर लादण्यात आला. राज्याच्या मानखंडनेचा विचार केला तर हे प्रसंग १८४४पेक्षा निश्चितच मोठे होते. तरीही त्या वेळी गडकऱ्यांचा स्वतंत्र असा उठाव झाला नाही. त्या तहांचा विषय राजाचा अधिकार, राजाची फौज व राजाचे परराष्ट्रव्यवहार हा होता. गडाखालच्या जमिनीचा हिशेब कोणी ठेवावयाचा हा प्रश्न त्यांत नव्हता.

तो प्रश्न पुढे आला अल्पवयीन राजाच्या काळात. १८३८च्या नोव्हेंबरात शहाजी छत्रपती मृत्यू पावले व त्यांचे अल्पवयीन पुत्र शिवाजी (बाबासाहेब) गादीवर आले. कारभारासाठी नेमलेल्या मंडळात लवकरच बेबनाव झाला, आणि दिवाणसाहेब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजस्त्रीच्या हाती सर्व सूत्रे गेली. त्या कारभारात गैरव्यवस्था होती याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ते निमित्त साधून मुंबई सरकारने १८४३मध्ये आपल्या पसंतीचा कारभारी म्हणून दाजी कृष्ण पंडित यांची नेमणूक केली. राजा कोल्हापूरचा, शिक्का कोल्हापूरचा, कारभारीही एतद्देशीय. पण त्याची नेमणूक व त्याचा पाठिंबा मात्र इंग्रजांचा, अशी ही रचना होती.

दाजी पंडितांनी हाती घेतलेल्या फेरफारांत गडांकडील जमिनींचा फेरफार हा निर्णायक ठरला. गडकऱ्यांच्या निर्वाहासाठी नेमलेल्या या जमिनी किल्लेदाराच्या ताब्यातून काढून मामलेदारांच्या देखरेखीखाली आणण्यात आल्या. त्या जमिनी कसणाऱ्या कुळांचे संरक्षण व्हावे हा त्यामागील हेतू सांगितला जातो. गडकऱ्यांची चाकरी त्याच हुकुमाने संपविली गेली असे नव्हे. बदलला तो जमिनीवरील हुकूम चालविणारा अधिकारी. कागदावर एवढासा दिसणारा हा फरक गडावर मात्र अस्तित्वाचा प्रश्न होऊन बसला.

४

असे का व्हावे, याचे उत्तर शोधताना या प्रकरणातील शब्दांकडे लक्ष देणे उपयुक्त ठरते. ‘गडकरी’ हा शब्द मराठीतील ‘-करी’ या प्रत्ययाने बनला आहे. शेतकरी, गावकरी, वारकरी, कामकरी, पहारेकरी हे शब्द याच घडणीचे होत. या प्रत्ययाने पदाचा बोध होत नाही. माणसाचे एखाद्या स्थानाशी वा कर्माशी जडलेले नित्याचे नाते त्याने दाखविले जाते. शेतकऱ्यास कोणी शेतकरी म्हणून नेमीत नाही, आणि वारकऱ्यास कोणी वारीवरून बडतर्फ करू शकत नाही. उलट किल्लेदार, हवालदार, मामलेदार हे शब्द फारसी ‘-दार’ प्रत्ययाचे आहेत. धारण करणारा, बाळगणारा असा त्या प्रत्ययाचा अर्थ. जे धारण केले ते काढूनही घेता येते. ‘मामला’ हा तर मुळात अरबी शब्द असून त्याचा अर्थ व्यवहार असा आहे. मामलेदार म्हणजे एका व्यवहाराचा धनी.

प्रत्ययांच्या या फरकावर फार मोठी इमारत उभारणे योग्य होणार नाही. ‘वतनदार’ हा शब्दही ‘-दार’ प्रत्ययाचाच आहे, आणि वतनाइतके चिवट, पिढीजाद असे दुसरे काही मराठी समाजात क्वचितच सापडेल. तेव्हा प्रत्ययावरून हक्काचे स्वरूप ठरत नाही. परंतु समाजाने आपल्यातील माणसांस दिलेल्या नावांत त्यांच्या स्थितीविषयीची समजूत साठलेली असते, एवढे तरी मान्य करावे लागेल. गडकरी हे नाव धारण करणाऱ्याची जमीन, त्याचा पहारा, त्याचे घर व त्याची प्रतिष्ठा ही चार वेगवेगळी खाती नव्हती. ती सर्व मिळून ‘गड’ होत असे. मामलेदाराच्या दप्तरात यांपैकी फक्त जमीन उतरत होती. उरलेल्या तीन गोष्टींना त्या दप्तरात रकानाच नव्हता.

‘बंदोबस्त’ या शब्दाचीही अशीच गोष्ट आहे. कारभाराच्या मराठीत या एकाच शब्दाने महसुलाची व्यवस्था लावणे आणि उपद्रव करणाऱ्यांना आवरणे अशा दोन्ही क्रियांचा बोध होतो. वसुलाची घडी बसविणे व माणसे आवरणे या दोन गोष्टी मुळात एकच आहेत, असे मानणाऱ्या कारभारास हा शब्द मोठा सोयीचा होता. गडकऱ्यांच्या जमिनींचा पहिल्या अर्थाने बंदोबस्त करावयास गेलेल्या कारभाराला थोड्याच आठवड्यांत दुसऱ्या अर्थाने बंदोबस्त करावा लागला.

इंग्रजी दप्तरात या दोन्ही बाजूंची भाषा एकाच तराजूत घातलेली नाही. तेथे कारभाऱ्याच्या कृतीला सुधारणा म्हटले जाते, गडकऱ्यांच्या स्थितीला गैरचाल म्हटले जाते, आणि त्यांच्या प्रतिकाराला बंड. या तीन शब्दांत निकाल आधीच लागलेला असतो. पुराव्याची छाननी त्यानंतर होते. मात्र याच दप्तराच्या परंपरेतून आलेल्या वृत्तान्तांनीही गडांकडील जमिनींच्या फेरफारास मनमानीचे कृत्य ठरविले आहे, ही गोष्ट नजरेआड करू नये. ज्या पक्षास हे कबूल करण्यात काही लाभ नव्हता, त्याच्याच कागदांत ही कबुली आहे. म्हणून तिचे मोल अधिक.

५

उठावाचा क्रम पाहिला म्हणजे त्याचे स्वरूप आणखी स्पष्ट होते. जुलैमध्ये सामानगड व भुदरगड येथील शिबंदीने दरवाजे लावून घेतले, तेव्हा त्यांचा विरोध एका हुकुमाला होता. सामानगड हा आजच्या गडहिंग्लज तालुक्यात, तर भुदरगड गारगोटीजवळ. दोन्ही राजधानीपासून दूर, संस्थानाच्या दक्षिण भागात. गडाचा दरवाजा बंद करणे ही गडकऱ्याच्या हातची सर्वांत स्वाभाविक कृती होती. चाल करून जाणे हे त्याचे काम नव्हते. राखणे हे त्याचे काम होते, आणि उठावाच्या पहिल्या क्षणी त्याने तेच केले. त्याच्या दृष्टीने पाहता तो नेमून दिलेली चाकरीच बजावीत होता, फक्त गड कोणापासून राखावयाचा ते बदलले होते.

संस्थानच्या स्वतःच्या बळावर हे गड पुन्हा ताब्यात येईनात, तेव्हा बेळगावहून इंग्रज फौज निघाली. जनरल डेलामोट तिचे प्रमुख होते. सिंधमधील कामगिरीने नाव झालेले औट्रमही या मोहिमेत आले. १३ ऑक्टोबर १८४४ रोजी सामानगड हल्ला करून घेण्यात आला. परंतु याच सुमारास प्रत्यक्ष कोल्हापुरात बंडाळी झाली. बाबाजी आहिरेकर यांच्या पुढारीपणाखाली संस्थानच्या शिपायांनी खुद्द दाजी पंडितांस कैदेत टाकले. हुकुमाला विरोध करणारा उठाव आता हुकूम देणाऱ्यापर्यंत पोहोचला.

तिसरी पायरी पन्हाळ्याची. साताऱ्यास रेसिडेंट असलेले कर्नल ओव्हान्स यांस मुंबई सरकारने विशेष अधिकार देऊन या भागात पाठविले होते. १८३९मध्ये प्रतापसिंह छत्रपतींस पदच्युत करण्यात आले त्या वेळी साताऱ्याचे रेसिडेंट हेच होते. हे ओव्हान्स बंडवाल्यांच्या हाती सापडले आणि त्यांस पन्हाळ्यावर ठेवण्यात आले. डेलामोट यांनी पन्हाळ्यापुढे तळ देऊन त्यांच्या सुटकेची मागणी केली. किल्ल्यातील लोकांनी ओव्हान्स यांस सोडले, पण बिनशर्त शरण येण्याची दुसरी मागणी मानली नाही. १ डिसेंबर १८४४ रोजी तटास खिंडार पाडून पन्हाळा घेण्यात आला; शेजारचा पावनगडही त्याच दिवशी पडला. बाबाजी आहिरेकर या लढाईत मारले गेले.

प्रथम मामलेदाराचा अंमल, मग कारभारी, आणि शेवटी इंग्रज अधिकारी, असा हा चढता क्रम आहे. संस्थानांच्या द्वारा चालविलेल्या परक्या सत्तेचे एक वैशिष्ट्य असे की तिचा चेहरा देशी असतो. तिच्याविरुद्ध उठणाऱ्यास आरंभी आपण कोणाविरुद्ध उठलो हे नेमके सांगता येत नाही. सामानगडचा गडकरी जुलैमध्ये कंपनी सरकारविरुद्ध लढावयास निघाला होता, असे म्हणणे पुराव्याच्या पलीकडे जाणे होईल. पण डिसेंबरमध्ये पन्हाळ्याच्या तटावर उभ्या असलेल्या माणसास समोरची तोफ कोणाची आहे याविषयी संदेह राहिला नव्हता. हुकुमामागे कारभारी आणि कारभाऱ्यामागे कोण, हे त्याला त्या पाच महिन्यांनीच दाखविले. वसाहतवादविरोधाची भावना आधी तयार होऊन मग उठाव झाला असे येथे घडलेले नाही. उठावाच्या ओघातच सत्तेचे खरे रूप उघडे पडत गेले.

सावंतवाडीत हे रूप आधीच उघडे होते. तेथील राज्यकारभार १८३८पासून इंग्रजांनी आपल्याकडे घेतला होता व १८३९मध्ये एक उठाव होऊनही गेला होता. म्हणून कोल्हापूरची बातमी पोहोचताच फोंड सावंत तांबुळकरांसारखे सरदार उठले, गादीचे वारस अण्णासाहेब हेही त्यांस मिळाले, आणि मनोहर व मनसंतोष या जोडगडांभोवती १८४५पर्यंत लढाई चालू राहिली. शेवटी त्यांच्यापैकी काहींनी गोव्याच्या हद्दीत पोर्तुगिजांकडे आश्रय घेतला.

६

या उठावाची मर्यादा सांगितल्यावाचून त्याचे मूल्यमापन पुरे होणार नाही. गडकऱ्यांची जमीन गडकरी स्वतःच कसत असे नाही. ती कसणारी कुळे होती, आणि त्या कुळांचा गडकऱ्यांकडून उपद्रव होत असे हे कारभाराचे म्हणणे केवळ सबब म्हणून टाकून देता येणार नाही. जो किल्लेदारावाचून कोणालाही जुमानीत नाही अशा सशस्त्र मनुष्याशी खंडाचा वाद घालणे कुळास सोपे गेले असेल, असे मानण्यास आधार नाही. उठावाची भाषा ही राखणाऱ्यांची भाषा होती; पिकविणाऱ्यांस तीत फारशी जागा नव्हती. गड पडल्यावर गावोगाव तो पुन्हा का पेटला नाही, याचे एक कारण येथे सापडू शकते.

पण कुळांचे संरक्षण हाच खरा हेतू होता काय, याची परीक्षा पुढील घटनांवरून करता येते. उठाव मोडल्यावर वंशपरंपरागत शिबंदी बरखास्त करण्यात आली, गडांची तटबंदी निकामी करण्यात आली आणि संस्थानचा कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गेला. १८६२च्या तहाने तो राजास परत मिळाला, पण महत्त्वाच्या सर्व बाबतींत इंग्रज सरकारचा सल्ला मानण्याच्या बंधनासह. जमिनीच्या हिशेबापासून सुरू झालेले प्रकरण गडांच्या विध्वंसापाशी आणि राज्याच्या ताब्यापाशी येऊन थांबले. गडकऱ्यांना जुलैमध्ये जी भीती वाटली होती, ती डिसेंबरनंतर अक्षरशः खरी ठरली. उठावामुळेच ती खरी ठरली असे म्हणता येईल. परंतु पेशवाईच्या मुलखातील गडांचे जे १८१८नंतर झाले ते ज्यांनी पाहिले वा ऐकले होते, त्यांच्या भीतीस निराधार म्हणता येणार नाही.

तेरा वर्षांनी, ३१ जुलै १८५७ रोजी, कोल्हापुरातील सत्ताविसाव्या पलटणीचे शिपाई उठले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शहरात दुसरा उठाव झाला, आणि राजाचे धाकटे बंधू चिमासाहेब यांस पुढे कराचीस स्थानबद्ध करण्यात आले. या वेळी प्रारंभ झाला तो इंग्रजांच्या लष्करी छावणीत व राजधानीत. डोंगरातल्या बंद दरवाजाआड उठाव करण्याची शक्यता १८४४नेच संपविली होती.

७

‘बंड’ या शब्दाविषयी शेवटी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १८५७च्या घटनांसही मराठीत दीर्घ काळ बंडच म्हटले जाई. १९०९मध्ये प्रसिद्ध झालेल्या सावरकरांच्या ग्रंथाने त्यांस स्वातंत्र्यसमराचे नाव दिले आणि त्या नावाबरोबर घटनांचा अर्थही बदलला. १८४४चे असे नामांतर झाले नाही. ते करावे की न करावे हा वादाचा विषय होऊ शकेल; परंतु केवळ नाव उंचावल्याने गडकऱ्यांस न्याय मिळेल असे नाही. स्वातंत्र्यसमर म्हटले की सामानगडचा पहिला दिवस आपोआप पन्हाळ्याच्या शेवटच्या दिवसासारखा दिसू लागतो, आणि मधले पाच महिने, ज्यांत एका तक्रारीचा उठाव झाला व उठावास आपला प्रतिपक्ष कळला, ते दृष्टीआड होतात. तसेच सुधारणेविरुद्धचे बंड म्हटले की पन्हाळ्याचा शेवटचा दिवस सामानगडच्या पहिल्या दिवसाएवढा लहान होतो.

पन्हाळ्याचा चार दरवाजा इंग्रजांनी १८४४मध्ये उद्ध्वस्त केला. आज त्याच्या जागी काही अवशेष उरले आहेत. सामानगडावर कातळात खोदलेल्या विहिरी अजून आहेत. गडकरी हे नाव आडनाव होऊन राहिले आहे. ज्या नात्याचे ते नाव होते ते नाते एका महसुली फेरफाराने तोडले, आणि ते तोडण्यासाठी पुढे पलटणी आणाव्या लागल्या. परक्या सत्तेविरुद्धचे उठाव कोठे सुरू होतात याचा शोध घेणाऱ्याने जाहीरनाम्यांबरोबर मामलेदाराचे कागदही वाचावेत, एवढे या प्रकरणावरून निश्चित म्हणता येईल.